डाव्या बाजूचा जोड

तासियाना डोंगरावरच्या आग्वा फ्रिया नावाच्या वाडीची. वय सत्तावीस. तिने सहा वर्षे जीन्सच्या पँटचे मागचे खिसे शिवले. फक्त मागचे. पुढचे खिसे दुसरी बाई शिवत असे आणि कमरेचा पट्टा तिसरी. या कामातून तिला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे गाठीला थोडा पैसा. दुसरी म्हणजे सरळ रेषेत केसाएवढा फरक पडला, तरी तो नजरेला खुपण्याची सवय. पहिल्या गोष्टीच्या बळावर तिने आपल्या मामाची जुनी टोयोटा विकत घेतली. दुसऱ्या गोष्टीमुळे पुढे जे घडले, ते येथे सांगायचे आहे.

गाडी तिच्यापेक्षा वयाने मोठी होती. कारखान्यातून निघाली तेव्हा ती आखूड होती, दोन दारांची. अशा आखूड गाडीत माणसे किती बसणार आणि गाठोडी किती मावणार? म्हणून एकतीस वर्षांपूर्वी अब्दियास मेस्त्रींनी तिची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मधोमध कापली, दोन्ही बाजूंना दीड-दीड हाताचा लोखंडी तुकडा घातला, जोडली, आणि मधल्या जागेत एक जादा बाक व दोन जादा दारे बसवली. ताकारितिंगाच्या डोंगरावर ज्या ज्या लांब टोयोटा चढतात-उतरतात, त्यांतल्या निम्म्या मेस्त्रींच्या हातच्या आहेत. या गाडीवर दोरजिवालमामाने अठ्ठावीस वर्षे वाडी ते खालच्या तोरितामा गावाचा बाजार अशी फेरी केली. मग त्याचा गुडघा गेला. क्लच दाबताना तो देवाचे नाव घेऊ लागला, तेव्हा प्रवाशांनीच त्याला बाजूला व्हायला सांगितले.

तासियानाने गाडी घेतली ती पाऊस सुरू होण्याच्या जरा आधी. आल्या दिवशीच तिने ती चिंचेखाली चार ओंडक्यांवर चढवली आणि चाके काढली. मामा रोज सकाळी काठी टेकत यायचा.

"मामा, आशीर्वाद."

"देव तुझं भलं करो. आज काय उपटलंस?"

"पुढचे ब्रेक. ड्रमच्या जागी डिस्क बसवतेय. एका मोडीतल्या गाडीचे मिळाले."

"मी अठ्ठावीस वर्षं ड्रमवर उतरलो."

"उतरताना सगळे प्रवासी जपमाळ ओढायचे, मामा."

"ते धार्मिक लोक आहेत," मामा म्हणाला आणि ओट्यावर बसला.

तिने स्टिअरिंगही बदलले. डोंगराच्या वाटेवर एक वळण आहे, त्याला लोक कोपर म्हणतात. लांब गाडी तिथे एका दमात वळत नाही. थांबून मागे घ्यावी लागते, आणि मागे दरी आहे. म्हणून दोन प्रवासी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावतात. नव्या स्टिअरिंगने आणि रुंद टायरांनी हे उतरणे टळावे, असा तिचा विचार होता. टपावर गाठोड्यांसाठी तिने पाइपांचा कठडा केला. बाकांना तिने स्वतः जीन्सच्या जाड कापडाची खोळ शिवली आणि सवयीने प्रत्येक पाठीला एक खिसा लावला. हे खिसे पाहून लोक हसले, पण त्यांत काय काय ठेवता येईल याची यादीही त्यांनी तिथेच करून टाकली.

जून उजाडला. सांजांवचा सण, शेकोट्यांचा आणि नव्या कपड्यांचा, पुढ्यात होता. सणाआधीच्या बाजारासाठी वाडीतल्या सगळ्या बायका दिवसाचे चौदा तास मशीनवर बसल्या होत्या. त्यांना काम वाटून देणाऱ्या नेविन्याबाईंच्या घरात शिवलेल्या पँटांची गाठोडी आढ्याला टेकली होती. साधी भाड्याची व्हॅन पावसाळ्यात वाडीचा चढ चढत नाही. सोमवारी गाडी उतरली पाहिजे, एवढेच बाई येता-जाता सांगत होत्या.

त्याच्या आधीच्या गुरुवारी तासियाना मागचे कमानपाटे बदलत होती. पाटे उतरल्यावर तिने चॅसीवरचा चिखल तारेच्या ब्रशने खरवडला. डाव्या बाजूच्या जोडाशी जुन्या रंगातून गंजाचा एक बारीक धागा वर आलेला दिसला. तिने रंग काढला. नख फिरवले. नख अडकले.

तिने तोरितामाच्या एरिवान वेल्डरला बोलावले. तो मोटारसायकलवरून आला, गाडीखाली सरपटत गेला, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत बसला.

"जोड कोणाचा?" त्याने विचारले.

"तुला माहीत आहे."

"मग मी हात लावणार नाही. मेस्त्रींना विचार. ते हो म्हणाले तर रविवारी सामान घेऊन येतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मग जोड त्यांचा, गाडी तुझी, आणि मी घरी."

या नकाराला कारण होते. पूर्वी एकदा एकाच्या जोडावर दुसऱ्याने न विचारता वेल्डिंग चढवले. उतारावर गाडी मोडली, माणसे जखमी झाली, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. दोन घराण्यांचे बोलणे आजही बंद आहे. तेव्हापासून पहिल्या हाताच्या परवानगीवाचून दुसरा हात जोडाला लागत नाही. तोरितामात पाच वेल्डर आहेत. त्यांतले चार मेस्त्रींचेच शागीर्द, आणि पाचवा त्या चौघांना वचकून असतो.

मामाने मधला मार्ग सुचवला. "वरून एक पट्टी ठोक, साखळीनं आवळ, आणि सोमवारी जा. सण पार पडू दे. इतकी वर्षं टिकलाय, एक दिवस टिकेल."

"चौदा माणसं, मामा. वर गाठोडी. आणि ते कोपर."

"मी काय म्हणतो, हळू जा."

"तुम्ही याल?"

मामाने आपल्या गुडघ्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

मेस्त्रींना विचारणे सोपे नव्हते. अब्दियास मेस्त्री एकोणऐंशी वर्षांचे. आयुष्यभर वेल्डिंगच्या ज्वाळेकडे पाहून आणि पुढे मोतीबिंदू वाढून त्यांचे डोळे दुधाळ झाले होते. वाडीत हे सर्वांना माहीत होते, पण कोणी बोलत नसे. त्यांच्यासमोर बशी सरकवताना लोक मुद्दाम आवाज करत. रस्त्यात भेटल्यावर आधी आपले नाव सांगत, जणू सहज. त्यांनी काही विचारले की उत्तर ठरलेले असे: छान आहे, मेस्त्री. गेल्या दहा वर्षांत त्यांना वाईट असे काहीच ऐकू आलेले नव्हते. हा लोकांचा आदर होता, आणि तो खरा होता. म्हणूनच त्यात चूक असू शकेल, हे कोणाच्या मनात आले नाही.

शनिवारी तासियाना त्यांच्याकडे गेली. तिने सरळ सांगितले की डाव्या जोडाला चीर आहे असे वाटते, आणि तो उघडायची परवानगी हवी.

मेस्त्री शांत होते. "वाटतं म्हणजे काय? रॉकेल लावलंस?"

"नाही. तुमच्यासमोर लावावं म्हटलं."

"हे बरं केलंस. उद्या प्रार्थना झाल्यावर येतो. चीर असेल तर परवानगी. नसेल तर माझ्या जोडाला कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

ही परीक्षा त्यांनीच सर्व शागिर्दांना शिकवली होती. जोड स्वच्छ करायचा, रॉकेल फासायचे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसायचे आणि वर खडूची भुकटी लावायची. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल भुकटीतून वर येते आणि ओली रेघ उमटते. नसेल तर पांढरे ते पांढरेच राहते.

रविवारी चिंचेखाली बरीच माणसे जमली. नेविन्याबाई सणासाठी जपलेला फुलाफुलांचा झगा घालून पुढे उभ्या होत्या. एरिवान आपली यंत्रे घेऊन आला होता, पण ती त्याने उतरवली नव्हती. मेस्त्रींसाठी खुर्ची आणली. ते बसले नाहीत. चॅसीला एक हात लावून उभे राहिले. तासियानाने रॉकेल फासले, पुसले, भुकटी लावली. सगळे थांबले.

रेघ उमटली. हळूहळू, काळपट पिवळी, बोल्टच्या भोकापासून वर. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती दिसली.

मेस्त्रींनी मान खाली केली. त्यांना हाताखालचे लोखंडही दिसत नव्हते. ते म्हणाले, "ऊन डोळ्यांवर येतंय. नेविन्याबाई, तुम्ही सांगा. काय दिसतंय?"

नेविन्याबाईंनी रेघेकडे पाहिले, मेस्त्रींकडे पाहिले. "पांढरं आहे, मेस्त्री. स्वच्छ."

"दोरजिवाल?"

"पांढरंच," मामा म्हणाला. "दुधासारखं."

"एरिवान आहे ना?"

"आहे, मेस्त्री. मी जरा लांब उभा आहे. इथून नीट दिसत नाही."

मेस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान आले. त्यांनी चॅसीवरून हात फिरवला आणि खिशातून रुमाल काढला. एवढ्यावर ते घरी गेले असते. सोमवारी गाठोडी चढली असती, चौदा माणसे बसली असती, कारण ज्यांनी पांढरे म्हटले त्यांना त्या गाडीत न बसण्याचे कारण सांगता आले नसते. तासियानाला हे समजले. आपण खरे बोललो तर तिघे जण सर्वांदेखत खोटे ठरतात, हेही समजले. शिवाय मेस्त्रींचा एकतीस वर्षांचा जोड, आणि न दिसणारे डोळे, दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात उघड्या पडणार होत्या.

मेस्त्रींनी तिला विचारले नव्हते. तरी ती म्हणाली, "मेस्त्री, रेघ आहे."

कोणीतरी खोकले.

"बोल्टच्या भोकापासून वर गेलीय. चार बोटं. टोकाला डावीकडे वळलीय."

मेस्त्रींनी विचारले, "चार बोटं कोणाची? तुझी की माझी?"

"माझी."

"म्हणजे माझी तीन." त्यांनी थोडा विचार केला. "भोकाच्या पुढं की मागं?"

"मागं."

"रंग?"

"तेलकट पिवळा. कडा ओल्या आहेत. अजून पसरतेय."

मेस्त्रींनी रुमालाची घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. "उजवी बाजू मी सकाळी जोडली होती. डावी संध्याकाळी. त्या दिवशी वीज सारखी जात होती, आणि मला एका लग्नाला जायचं होतं." मग ते वळले. "नेविन्याबाई, तुमच्या पोरींनी उसवलेली टीप आणून दिली, तर तुम्ही तिलाही स्वच्छ म्हणता का?"

नेविन्याबाई म्हणाल्या, "मी कापडातली बाई आहे. लोखंडातलं मला काय कळणार?"

"दोरजिवाल, तू तर लोखंडातला."

"माझा गुडघा दुखतोय, मेस्त्री," मामा म्हणाला, आणि खुर्ची रिकामी होती म्हणून तिच्यावर बसला.

परवानगी मिळाली. पण जुना जोड उसवायचा तो आपणच, असे मेस्त्रींनी बजावले. तासियानाने त्यांचा हात ग्राइंडरसकट रेघेवर नेऊन ठेवला. पुढे ते कोणाला काही न विचारता आवाजावर आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवर चालले. जिथे चुकले तिथे तासियानाने "दोन बोटं खाली" म्हटले आणि ते दोन बोटे खाली आले. नवा जोड एरिवानने घातला. वर जी जाड पट्टी बसवली, तिची टोके मेस्त्रींनी तिरपी कापायला लावली. आडव्या रेषेत सगळा ताण एका जागी येतो, तिरपीत तो वाटला जातो, हे त्यांनी एरिवानला पुन्हा एकदा समजावले. एरिवानने "हो मेस्त्री" म्हटले. मग थोड्या वेळाने, न विचारता, "उजवीकडेही पट्टी घालावी लागेल, तोही जोड थकलाय" असेही म्हटले. हे बोलायला त्याला बराच धीर करावा लागला.

या सगळ्यात सोमवार गेला आणि मंगळवारही. नेविन्याबाईंनी पायथ्याला व्हॅन बोलावली आणि बायकांनी गाठोडी डोक्यावरून खाली नेली. चिखलात दोन गाठोडी भिजली. बाईंनी तासियानाला ऐकवले, "तुझ्या खरेपणामुळे माझ्या चाळीस पँटा चिखलात लोळल्या." तासियाना म्हणाली, "धुऊन देते." तिने खरोखरच धुऊन दिल्या. बाई मात्र पुढचे तीन आठवडे गाडीत बसल्या नाहीत.

बुधवारी पहिली फेरी निघाली. चौदा जागांवर पाच प्रवासी होते. गाडी चिंचेखालून निघाली तेव्हा चर्चजवळ अब्दियास मेस्त्री इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. ते पुढच्या बाकावर चढले.

"बाजारात काय काम, मेस्त्री?" तासियानाने विचारले.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तूही आत ये. दुसऱ्या कोणाला नेलं, तर डॉक्टरलाही सांगतील, यांना छान दिसतं."

कोपरावर गाडी एका दमात वळली नाही. तासियानाचा अंदाज हातभराने चुकला होता. दोघे उतरले, दगड लावला, गाडी मागे आली आणि वळली. मेस्त्री पूर्ण वेळ कान देऊन ऐकत होते. जोडातून काहीच वाजले नाही.

दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या बाईने विचारले, "सोबत कोण? मुलगी? नात?"

"नाही," मेस्त्री म्हणाले. "गाडीची मालकीण आहे. काय विचारायचं ते तिला विचारा."