नदीतलं पावणं

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात दर वर्षी चैत्रात मला अनुभव सांगायला उभं करतात. मी उभी राहते, चार वाक्यं बोलते, आणि नवरा पाण्यातून जिवंत बाहेर आला या जागी आले की बायका हात जोडून चांगभलं म्हणतात आणि मला खाली बसवतात. पुढचं कुणाला नको असतं. मंडळाच्या मोठ्या काकू तर एकदा तोंडावरच म्हणाल्या, "एवढंच सांगत जा बाई, म्होरचं लई कडू हाय. प्रसाद वाटायचा असतोय की." म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. सातवीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं लिहीन. ज्यांना गोड अनुभव हवा असेल त्यांनी इथंच थांबावं, मला राग यायचा नाही.

आम्ही भोई. वारणेच्या काठी आमचं गाव, आणि गावाखालचा डोह हेच आमचं शेत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं चालली होती. मरळ, वाम, कटला जे गावेल ते बुट्टीत घालून मी वारणानगरच्या वसाहतीत दारोदार विकायची. नदीत मगरी होत्या, अधूनमधून कुणाची शेळी, कुणाचं कुत्रं जायचं. आमच्याकडे मगरीला सुसर म्हणतात. पण पाण्यात उभं असताना ते नाव तोंडातून काढायचं नाही असा सासूबाईंचा दंडक होता. नाव घेतलं की आपणच तिला बोलावलं असं होतं म्हणे. म्हणून पाण्यात असताना ती दिसली तर नुसतं 'पावणं' म्हणून ओरडायचं. ती हाक कानावर आली की हातातलं जाळं टाकून काठ गाठायचा, कुठं आणि किती लांब हे विचारत बसायचं नाही.

आता आमच्या मुलखात अनोळखी माणसालाही पावणंच म्हणतात. एसटीत शेजारी बसलेला पावणं, दुकानावर पत्ता विचारणारा पावणं. या दोन पावण्यांचा कधी घोळ होईल असं आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डोहाच्या बाजूला अनोळखी माणूस येतो कशाला? तिकडं नुसता ऊस आणि चिखल.

माझे मालक जोतिबाचे मोठे भक्त. रविवार देवाचा, म्हणून रविवारी जाळं पाण्यात नाही, घरात मासा शिजायचा नाही. मग घरात खायला काही असो नसो. चैत्राच्या यात्रेला चालत डोंगर चढायचे आणि गुलालाने असे माखून यायचे की दारात मीच ओळखायची नाही. मी आपली त्यांच्या मागून हात जोडणारी. देव आहे असं मानायची, पण त्याला आपल्यासारख्यांकडे बघायला सवड असेल असं काही मला वाटायचं नाही. हे मात्र जाळं टाकण्याआधी पाण्याला हात लावून चांगभलं म्हणायचे आणि मग बेफिकीर. मी एकदा विचारलं होतं, आपण दोघंही खाली मान घालून पाण्यात, मागून काही आलं तर बघायला कोण? तर म्हणाले, "त्यो हाय की."

यात्रा तोंडावर आली होती. सकाळची वेळ, उन्हं नुकतीच पाण्यावर आली होती. उन्हाळ्यानं नदी आटलेली, पाणी काय ते डोहातच. जाळ्याचं लांबचं टोक माझ्याकडे, मी छातीएवढ्या पाण्यात. हे काठाच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात. आणि पाठीमागून खणखणीत हाक आली, "ओ पावणं! ओ पावणं!"

मी टोक सोडलं आणि ह्यांच्या अंगावर पाणी उडवत धडपडत काठावर आले. तर समोर एक माणूस उभा. पन्नाशीचा गडी, डोक्याला नवाकोरा फेटा, खांद्याला पिशवी, हातात कळकाची काठी. सोबतीची माणसं पुढे गेलेली आणि हा उसात वाट चुकून डोहावर उतरलेला. मला अशी धावत आलेली बघून तोच घाबरला. हे पाण्यात उभे राहून पोट धरून हसायला लागले. "आगं खुळे, माणूस हाय त्यो!"

"जोतिबाची वाट कुनीकडनं वो?" त्यानं विचारलं.

झालं. वाट विचारणारा भेटला की आमच्या ह्यांना तहानभूक सुचायची नाही. आणि हा तर यात्रेकरू. त्यांनी डोहाकडे पाठ केली, तोंड काठाकडे केलं आणि पाण्यातूनच हात नाचवत सुरू झाले. "ह्या उसाच्या कडंकडंनं जावा. म्होरं आंबा लागंल, थितनं उजव्या अंगाला वळा. डाव्या अंगाला जाऊ नगासा, निस्ता चिखल हाय."

मी पदर पिळत उभी होते. नजर सहज पाण्यावर गेली. मी जिथं उभी होते नेमकं तिथलंच पाणी सरकत होतं. पाण्याखालून काहीतरी जड, लांब, सावकाश ह्यांच्याकडे येत होतं. मी ओरडले. काय ओरडले? जे सासूबाईंनी शिकवलं होतं तेच. "पावणं! पावणं!"

आणि हे आणखी हसले. त्यांना वाटलं मी त्या माणसाची थट्टा करतेय. मला हात करून म्हणाले, "आगं सांगू दे की त्येला नीट." त्यानंतर ते पाण्याखाली गेले.

त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. यात्रेकरूनं पिशवी फेकली आणि काठी घेऊन सरळ पाण्यात उडी टाकली. त्याला पोहता येत होतं की नाही देव जाणे. तो जोतिबाच्या नावानं चांगभलं असं बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि काठी खाली खुपसत होता. मी ह्यांच्या काखेत हात घालून ओढत होते. पाणी लाल झालं होतं. मग एकदम ओझं हलकं झालं आणि आम्ही तिघं काठावर येऊन पडलो. त्या माणसानं डोक्याचा फेटा सोडला आणि गुडघ्याच्या वर असा आवळून बांधला की कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ज्यानं हे बांधलं त्याच्यामुळे तुमचे मालक इथवर आले. गाडी मिळवण्यापासून रात्रभर पायरीवर बसण्यापर्यंत तो सोबत होता. त्याची यात्रा तशीच राहिली. ह्यांना शुद्ध आली तेव्हा तो निघून गेला होता. त्याचं नाव-गाव मी विचारलंच नव्हतं. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मंडळात माझा अनुभव फेट्यापर्यंत येऊन संपतो. बायका म्हणतात, साक्षात जोतिबाच आला होता. मी सुरुवातीला फार चिडायची. देव असता तर स्वतःच्याच देवळाची वाट विचारत उसात हिंडला असता का? आणि देवच होता तर मग अर्धंच काम कशाला? ज्यानं कधी रविवार मोडला नाही त्याचा पाय गेला, आणि जी नुसती मागून हात जोडायची तिला साधा ओरखडा नाही. त्या एका हाकेनं मला बाहेर काढलं आणि त्याच हाकेनं ह्यांना पाण्याकडे पाठ करायला लावली. हाक आली नसती तर सुसर माझ्यावर आली असती, हे मला पाण्याकडे बघताक्षणीच कळलं होतं. मग मी कुणाचे आभार मानू, आणि कशाबद्दल? नवरा अंथरुणावर पडून छताकडे बघतोय आणि शेजारणी नारळ घेऊन येतात, देवानं तुझं कुंकू राखलं म्हणतात. मी त्यांना म्हणायची, राखलं खरं, पण देवाला अख्खा माणूस राखता आला नाही वाटतं. मग त्या नारळ ठेवून निघून जायच्या.

ह्यांची मात्र कुठंच तक्रार नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. म्हणायचे, "म्या त्येला वाट सांगितली, त्येनं मला सोडीवलं. फिटलं की." मी म्हणायची, तुमचं फिटलं असेल, माझं नाही. घरात देवाचं नाव निघालं की आमचं भांडण ठरलेलं. कुबडी घेऊन ते दारात बसून जाळी विणायचे, आणि मी लोकांच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची. नदीकडे बघायचीसुद्धा नाही. गावात मात्र मी एक गोष्ट हट्टानं केली. जी भेटेल त्या बाईला सांगितलं, पाण्यात असलीस तरी सुसर म्हण, मोठ्यानं म्हण, नाव घे. म्हाताऱ्यांनी मला तोंडाळ ठरवलं. ठरवू देत. माझ्या तोंडात त्या दिवशी खरं नाव आलं असतं तर ते हसले नसते.

दुसऱ्याच्या रानात वाकून माझ्या कमरेचे हाल झाले, आणि मला दुसरं येतही काही नव्हतं. एका सकाळी हे म्हणाले, "जाळं तयार हाय. चल, मी काठावर बसतो." मी आधी भांडले, मग रडले, मग गेले. जाळ्याचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं हातात घेतलं, आणि पाणी घोट्याला लागलं तशी माझी बोबडी वळली. त्या क्षणी मी देवाला काहीही मागितलं नाही. मागून काय मिळतं ते बघितलं होतं. नुसतं म्हणाले, तुला काय करायचं ते कर, मला पोटासाठी उतरायचं आहे. आणि उतरले. शरण जाणं म्हणजे मनातली भीती जाणं, असं कीर्तनात ऐकलं होतं. माझी भीती आजपर्यंत गेलेली नाही. उतरायच्या आधी माझ्या हातात काय ते एवढंच, की पुढचं आपल्या हातात नाही हे कबूल करायचं. मी ते रोज दात-ओठ खाऊन कबूल करते.

तेव्हापासून असंच चाललंय. हे काठावरच्या दगडावर बसतात, कुबडी मांडीवर आडवी. मी पाण्यात असेपर्यंत नजर डोहावरून हलत नाही. एकदा चैत्रात उसातून कुणीतरी हाक मारली, "ओ पावणं, डोंगराची वाट कुठली?" ह्यांनी मान वळवली नाही की तोंड उघडलं नाही. तो माणूस दोनदा ओरडून, शिव्या घालून निघून गेला. मी पाण्यातून ते बघितलं आणि मला रडू फुटलं. पाय गेला तेव्हा जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं मला त्या दिवशी वाटलं. वाट विचारणाऱ्याला पाठ दाखवणारे हे कधीच नव्हते.

या काठावरच्या माणसाबद्दल मी देवाचे आभार मानते, पण त्यासाठी त्यानं काय घेतलं हे विसरून नाही. दोन्ही एकाच तोंडानं म्हणते. जोतिबाला ते चालत असावं, कारण अजून त्यानं मला अडवलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर नदी निवळली तेव्हाची गोष्ट. पाण्यात उतरता उतरता मी मुद्दाम ह्यांना डिवचलं. म्हटलं, "आदी म्हनायचासा, बघायला त्यो हाय. मग आता तुमी रोज कशाला बसतासा?"

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. शांतपणे म्हणाले, "त्येला एकट्याला जमंना झालंय म्हनून."