निरोगी माणसाचं रक्त

पेशीत पाणी ये-जा करायला प्रथिनांची बारीक दारं असतात. जीवघेण्या संसर्गात पांढऱ्या पेशींवरची ही दारं वाढतात का, हे मोजण्यात माझी ऐन उमेदीची पाच वर्षं गेली. बडोद्याच्या एका इस्पितळातल्या अतिदक्षता विभागातून आजाऱ्यांचं रक्त हवं तेवढं मिळे. तुटवडा होता तो तुलनेसाठी लागणाऱ्या निरोग्यांचा. धडधाकट माणूस सुईला फार घाबरतो. त्यामुळे ज्याने त्याने आपले नातेवाईक आणायचे, असा प्रयोगशाळेत रिवाजच पडला होता.

मी बाबांना आणलं. बाजव्याच्या रिफायनरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट घालून आले. आमच्या सहकारी बाईंनी फॉर्म पुढ्यात घेऊन विचारलं, "काका, तबियत केवी छे? ताव, घा, कंई?"

"मजामां," बाबा म्हणाले.

बडोद्यात तब्येतीच्या प्रश्नाला दुसरं उत्तर कोणी देत नाही. बाईंनी ताप, जखम, सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या पेशींवरच्या दारांचा आकडा आला, तो थेट अतिदक्षता विभागाला शोभेल असा. मी पडले शहाणी. आपल्याच हातून काही बिघडलं असणार असं ठरवून नळी फेकली आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नमुना खराब'.

चौथ्या दिवशी बाबा त्याच विभागात दाखल झाले. बुटाने झालेली जखम मोज्याखाली आठवडाभर चिघळत होती. साखर वाढल्याचंही तिथेच कळलं. रक्तदाब सावरेना. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. आमच्याच प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी अभ्यासासाठी बाबांचं रक्त घ्यायला संमतीचा कागद घेऊन आला आणि 'यातून तुमच्या रुग्णाला फायदा होणार नाही' हे माझंच घोटलेलं वाक्य त्याने मला ऐकवलं. मी सही केली. मला भयंकर भीती वाटत होती.

नवा आकडा जवळजवळ पहिल्याइतकाच आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एका नमुन्यावरून निदान होत नसतं. खरंच आहे. पण 'बाबा, जरा पाय दाखवा' म्हणायला प्रयोगशाळा लागत नाही.

बाबा वाचले. पायाची दोन बोटं गेली. ते बोलण्याइतके सावरल्यावर मी भांडलेच. "जखम आहे हे सांगितलं का नाहीत?"

"निरोगी माणसं मिळत नाहीत म्हणून तूच रडत होतीस ना? म्हटलं, पोरीचं काम अडायला नको." मग म्हणाले, "आता घे हवं तर. आता बरा आहे मी."

त्यांनी हात पुढे केला. त्यावर सुईला जागा उरली नव्हती.