करवतीखालचं व्हायोलिन
शेजारचा माणूस सकाळपासून कुंपणाच्या फळ्या कापतोय, आणि त्या ओल्या लाकडाच्या वासाने मला आमची, शाळांतल्या संगीत शिक्षकांची, ती परिषद आठवली. मी राहते त्या अ‍ॅमस्टेलव्हीनहून ट्राम आणि ट्रेन बदलत मी गेले होते. हॉलमध्ये कॉफीचा वास, खुर्च्यांवर भिजलेले कोट, आणि समोरच्या टेबलावर एक जुनं, लख्ख पुसलेलं व्हायोलिन. वर्ग घेणाऱ्या पिकल्या केसांच्या डच बाईंनी पिशवीतून करवत काढली आणि सरळ त्याच्या पोटावर चालवायला घेतली. "अहो, हे काय करताय?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. मी उभी राहिले होते. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. आजूबाजूचे शिक्षक मात्र शांतपणे मोबाइलवर फोटो काढत होते. दोन तुकडे झाल्यावर बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं आहे. ते होते तोवर आम्हा भावंडांना याला हात लावू दिला नाही. आता माझ्या वर्गातली मुलं याच्या आत हात घालून बघतील." एक तुकडा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी तो नकळत कपाळाला लावला. बाईंचं लक्ष गेलं. "हे कशासाठी?" त्यांनी विचारलं. "आम्ही वाद्याची माफी मागतो," मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. त्यांनी करवत पिशवीत ठेवली, बराच वेळ चेन लावत राहिल्या, आणि खाली बघतच म्हणाल्या, "मग माझ्या वतीनेही मागा." शेजाऱ्याची करवत आता थांबली आहे. आठवता आठवता माझा हात पुन्हा कपाळाशी गेला आहे.