खोट आधी, चहा नंतर

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा सव्वा इंचाने आखूड आहे, ही गोष्ट जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अकरा घरांना ठाऊक आहे. सांगितली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी कॉलेजात ग्रंथपाल झाले त्याच्या आधीची आणि नंतरची मिळून सहा-सात वर्षं ते माझ्यासाठी स्थळं पाहत हिंडले. त्यांची एक ठरलेली रीत होती. न कळवता जायचं, तेही भर दुपारी, म्हणजे घर जसं असतं तसं दिसतं. गेल्यावर आधी पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, कशातून आणतं, आणणाऱ्याचा चेहरा कसा असतो, ते नीट पाहायचं. आणि चहाचा कप हातात यायच्या आत आपल्या मुलीची खोट सांगून मोकळं व्हायचं. खोट आधी, चहा नंतर. चहा पिऊन झाल्यावर खोट सांगणं ही त्यांच्या लेखी फसवणूक होती. अकरा घरांत त्यांनी पाय सांगितला, अकरा घरांत चहा प्यायले, आणि एकाही घराचा पुढे निरोप आला नाही. आईने ते मनाला लावून घेतलं. मी पुस्तकांत रमले. आबांना त्याचं काय वाटलं, हे मला फार दिवस ठाऊक नव्हतं.

आबा जाऊन आता आठ महिने झाले. भेटायला येणाऱ्यांसमोर मी गप्प असते, तशी मी नेहमीच गप्प असते. पण घरात एकटी असले की मला त्यांच्या निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा आठवतो आणि हसू आवरत नाही. शेजारी काय म्हणतील म्हणून तोंडाला पदर लावावा लागतो. म्हणून ते लिहून काढते आहे, रोज थोडं थोडं.

आबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तेव्हा आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणाऱ्या दोन सोबत्यांनी मेडिक्लेम काढला आणि आबांच्या डोक्यात ते शिरलं. "सिव्हिल हॉस्पिटल आहेच," ते म्हणाले, "पण त्याला काहीतरी जोड हवी." त्या काळी असा विमा देणाऱ्या कंपन्या चारच होत्या, चारही सरकारी. मी चौघींची माहितीपत्रकं गोळा केली, शनिवारी वाचनालय बंद झाल्यावर लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि जुन्या पोथ्यांचे पाठभेद पाहावेत तशी ओळीला ओळ लावून वाचली. दोन तास गेले. चारही पत्रकं अक्षरशः एक होती. हप्ता तोच, अटी त्याच, काय मिळणार नाही त्याची यादीही तीच. फरक एवढाच, की एकीचा कागद जरा जाड होता.

आबांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते वैतागतील. ते खूश झाले.

"म्हणजे चारही मुलगे एका उंचीचे, एका रंगाचे, एका पगाराचे," ते म्हणाले. "मग घरं पाहावी लागतील."

मी म्हटलं, पाहू. पण या वेळी मुलगी तुम्ही आणि बाप मी. खोट मी सांगणार.

आबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले. पण चष्मा ठेवायला त्यांनी खिशातली डबी उघडली तशी माझी नजर तिच्यावरून हटेना.

कारण आठवडाभरापूर्वी त्यांचा चष्मा शोधताना मी ती डबी उघडली होती. आतल्या फडक्याखाली गोळ्यांची एक पट्टी होती, त्यातल्या तीन संपलेल्या. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक तीच गोळी खिशात बाळगायचे, त्यामुळे ती छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात हे मला माहीत होतं. मी डबी होती तशी ठेवून दिली. विम्याच्या दृष्टीने पाहिलं तर आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळतच नव्हता, त्यामुळे तिथे आशा करण्यासारखं काही नव्हतं. पण माझा पाय ज्यांनी अकरा अंगणांत इंचात सांगितला, त्यांनी स्वतःचं हृदय माझ्यापासून चष्म्याच्या डबीत लपवावं, हे मला झेपेना. मी ठरवलं, बाकीच्या सगळ्या खोटी मी सांगेन. एवढी एक त्यांच्यासाठी ठेवीन.

पहिली कचेरी जळगावच्या स्टेशनाजवळ होती. दुपारी दोनला, न कळवता. पाणी आलं, पण आणणाऱ्याची दोन बोटं ग्लासात बुडालेली. आबांनी माझ्याकडे सूचक पाहिलं. अधिकारी फोनवर होते. फोन संपल्यावर मी आबांसारखा घसा साफ केला आणि म्हणाले, "आधीच सांगून ठेवते. यांना लहानपणी दमा होता. हर्नियाचं ऑपरेशन झालंय. मूळव्याध आहे, आणि ती नाही असं म्हणायची सवयही आहे."

आसपासच्या तीन टेबलांवरची डोकी वर झाली. आबा पाहायला आलेल्या मुलीसारखे खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. अधिकारी म्हणाले, ताई, एवढं कोणी लिहीत नाही, सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहा आणि सही करा. चहा आला. आबा प्यायले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चारचौघांत मूळव्याध काढायची काय गरज होती?"

"तुम्ही माझा पाय इंचात सांगायचात."

आबांनी रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला हात टेकला आणि हसत उभे राहिले. मला वाटलं आता सांगतील. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की या घरात मुलगी द्यायची नाही.

दुसऱ्या कचेरीतला माठ रिकामा होता, म्हणजे निकाल दारातच लागला होता, तरी आम्ही बसलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने जन्मतारीख विचारली. आबा म्हणाले, एक जून. मी म्हटलं, ही तारीख खरी नाही, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली आहे. तो घाबरला. मग खरी कोणती? आबा विचार करून म्हणाले, आई सांगायची, बाजरी खळ्यात आली होती. त्याने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. बाजरी कोणत्या रकान्यात लिहायची हे तो मनाशी ठरवत होता असं मला अजूनही वाटतं. शेवटी म्हणाला की माझी स्वतःचीही एक जूनच आहे, तेव्हा हा विषय आपण सोडून देऊ. चहा आला. आबा प्यायले.

तिसऱ्या कचेरीत पाणी तांब्याच्या पेल्यात, गार, सुरेख. अधिकारी इतके गोड की आबा साठीचे वाटतच नाहीत असं दोनदा म्हणाले. दम्याला म्हणाले, चालतं. हर्नियाला म्हणाले, चालतं. मूळव्याधीला म्हणाले, ती कोणाला नसते. आबा खुलले आणि दोन कप चहा प्यायले. रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणाले, "सगळंच चालतं म्हणणारं घर मला चालत नाही."

मी मनात मोजत होते: तीन कचेऱ्या, चार कप, आणि चष्म्याची डबी खिशातच.

चौथ्या कंपनीची आम्हाला माहीत असलेली शाखा धुळ्याला होती. सकाळी एसटी धरली. आबांनी लग्नाला जावं तशी परीटघडीची टोपी घातली होती. त्यांचं मूळ गाव साक्रीकडचं. पारोळा मागे पडलं की त्यांच्या तोंडात अहिराणी येऊ लागायची, आणि जळगावचा हेडक्लार्क हळूहळू कुठेतरी उतरून जायचा.

धुळ्याचे अधिकारी सडपातळ, अंगात हातविणीचा स्वेटर, वय पन्नाशीच्या आत. आबांनी पाणी मागितलं तर ते स्वतः उठले, कोपऱ्यातल्या माठातून ओगराळ्याने दोन पेले भरून आणले आणि ते संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मी यादी सुरू केली. त्यांनी थांबवलं. कागद ओढला. दमा कोणत्या वयात थांबला? हर्निया कोणत्या बाजूचा? मूळव्याधीचा त्रास आत्ता आहे का? मी बोलायच्या आत आबाच उत्तरं देऊ लागले. इतकं मन लावून त्यांची चौकशी कोणी केलेली मी कधी पाहिली नव्हती. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

मी गप्प बसले. तेवढ्यात चहा आला.

मी कप उचलला. आबांनी उचलला नाही. ते अधिकारी म्हणाले, घ्या ना आबा. आबा कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरू लागली. मग त्यांनी एका बोटाने बशी थोडी पुढे सरकवली.

"छातीमा दुखस," ते म्हणाले. आणि लगेच कचेरीच्या मराठीत, "वर्ष होत आलं. जिभेखाली गोळी ठेवतो. हिला सांगितलेलं नाही."

"चष्म्याच्या डबीत असते," मी म्हणाले.

आबा माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"दोन आठवडे."

"आणि मला मूळव्याधीवरून गावभर नाचवलंस."

मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणी होतं आणि हसू फुटत होतं, आणि दोन्ही एकदम येत होतं म्हणून तोंडातला चहा नाकात गेला. आबा माझ्या पाठीवर थापट्या मारत होते आणि स्वतःही हसत होते. ते अधिकारी पेन हातात धरून शांतपणे थांबले.

मग त्यांनी तेही लिहिलं. म्हणाले, छातीच्या दुखण्याचा एक पैसा मिळणार नाही, आशा ठेवू नका. आबांनी मान हलवली. "तुम्ही तुमचं सांगितलंत," ते पुढे म्हणाले, "आता आमचं सांगतो. तुमचे कागद इथून नाशिकला जातील आणि तिथे बरेच दिवस पडून राहतील. लहान दवाखान्याचं बिल चालणार नाही. एका दिवसाच्या आत घरी सोडलं तर काही मिळणार नाही. आणि दोन वर्षांत माझी बदली होईल. पुढचा माणूस कसा येईल, मी सांगू शकत नाही."

आबांनी तो सायीचा गार चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

"स्थळ पसंत आहे," ते म्हणाले.

त्या बिचाऱ्यांना काही कळेना. मग मी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, पायासकट. ते हसले नाहीत लगेच. उठून म्हणाले, मग मुलीकडच्यांना घर दाखवायला हवं, आणि आम्हाला आतली खोली, लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते आणि पत्रा गंजलेलं एक कपाट दाखवून आणलं. कपाटाचं दार निखळलेलं होतं. "ही खोटही सांगायची राहिली होती," ते म्हणाले, आणि तेव्हा हसले.

परतीच्या एसटीत आबांनी मला सगळं सांगितलं. मागच्या वर्षी धुळ्याला लग्नाला आले असताना जिना चढताना पहिल्यांदा दुखलं, तिथल्याच डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मला का नाही सांगितलं, तर म्हणे तू एकटी पडशील या विचाराने तू आत्तापासून एकटी पडली असतीस. मग मी, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं, ते विचारलं. माझा पाय प्रत्येक घरात आधी का सांगितलात? एखाद्या घरी थोडं थांबला असतात तर?

"मला वाटायचं, मी आपली खोट सांगितली की तेही त्यांची सांगतील," आबा म्हणाले. "अकरा घरांत एकानेही सांगितली नाही. आज पहिल्यांदा कोणी सांगितली."

"त्यांच्या काय खोटी होत्या?" मी विचारलं.

आणि आबांनी मला त्या सांगितल्या. रावेरकडच्या एका घरी मुलाचे वडील म्हणत होते, पोराला सुपारीचंही व्यसन नाही, आणि त्यांच्या पाठीमागच्या कपाटाआडून विडीचा धूर वर चालला होता. फैजपूरच्या घरी तिघे भाऊ एका दारातून आत गेले आणि आत तीन चुली होत्या. एका घरी पाणी आणणारी सून पेला आबांना देण्याऐवजी सासूच्या हातात देऊन निघून गेली. आणखी एका घरी नवरा मुलगा म्हणून जो दाखवला तो त्याचा धाकटा भाऊ होता. हे सगळं त्यांनी आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत आम्ही एकेक घर काढून हसत होतो. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "काय आबा, लग्न जमलं वाटतं?"

"जमलं," आबा म्हणाले. "मुलगी साठीची शे."

दुसऱ्या दिवसापासून ती पट्टी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी उघडी राहू लागली. मी त्यांना जळगावच्या चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, जिने बंद केले, आणि आम्हाला सात वर्षं मिळाली. दर हिवाळ्यात हप्ता भरायला आम्ही दोघं धुळ्याला जायचो. पोस्टाने पाठवता आला असता, पण आबा म्हणायचे, सासरी वर्षातून एकदा तोंड दाखवावं. सांगितल्याप्रमाणे त्या अधिकाऱ्यांची दोन वर्षांत बदली झाली. आबांना एक दिवसही हॉस्पिटलात ठेवावं लागलं नाही. ते सकाळी पेपर वाचताना खुर्चीतच गेले, छातीच्याच दुखण्याने, जे विम्यात नव्हतं आणि नाही हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं.

मागच्या आठवड्यात मी धुळ्याला एकटी गेले. आता त्या टेबलावर एक बाई आहेत. पाणी मिळालं, चहाही आला. मी कपाला हात लावायच्या आधी म्हणाले, "आधी सांगते. ते गेले." त्यांनी पेन ठेवलं. मग त्यांनी विचारलं, तुमचा स्वतःचा विमा आहे का? नव्हता. सात वर्षांत ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"उजवा पाय सव्वा इंचाने आखूड आहे," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. "पायासाठी काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "बाकी काही अडचण नाही."

बारावं घर. मी चहा घेतला, आणि परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.