गेटवर न सोडलेला फोन

कोळारच्या कारखान्यात मी गेटवर राखणीला आहे. कामावर मोबाईल जवळ ठिवायचा न्हाई, म्हणून आमची बाई हापिसाच्या नंबरावर फोन करायची. तिथली फोन सांभाळणारी अक्का काम्प्युटरवर बटण दाबायची, की माझ्या केबिनीतला फोन वाजायचा. आमच्या घरच्या नंबरापुढं तिनं ‘गेटच्या अप्पांचं घर’ असं लिहून ठिवलं होतं.

त्या दिवशी सकाळी आमचं नवरा-बायकोचं भांडण झालं. डबा न घेताच निघालो आन् हापिसात जाऊन म्हणलो, “अक्का, आज घरचा फोन गेटवर सोडू नको. आल्ता म्हणून सांगू बी नको.”

“कामून अप्पा, भांडलाव व्हय?”

“तू तुझं बटण सांभाळ.”

दुपारी आमची बाई अंगणात पडली ती उठलीच न्हाई.

वरीस व्हत आलं. तिनं फोन केल्ता का, एवढंच डोक्यात. इचारायची भीती वाटायची. परवा हापिसात गेलो. “अक्का, त्या दिवशीचं काही निघतंय का काम्प्युटरात?”

तिला कळलं. तिनं त्या दिवशीच्या फोनांची यादी काढली. गेटच्या अप्पांचं घर. चार मिनिटं.

“चार मिनिटं वाजत राहिला?”

“न्हाई अप्पा, मी उचलल्ता. चार मिनिटं बोलल्या. म्हणल्या, त्येंना जोडू नको, रागात हायेत. डबा इसरलेत, तेवढं बघ. मग तुमचंच सांगत बसल्या. तोंड लई फटकळ, पण माझं डोकं दुखलं की गुमान चुलीपुढं बसत्यात, म्हणल्या.”

त्या दुपारी अक्कानं दोन भाकऱ्या आन् वरण पाठिवलं होतं, जास्तीचं हाय म्हणून. वरणात मीठ कमी हाय, असं मी तोंड वर करून तिला सांगून आल्तो.

“मग बोलली कामून न्हाईस?”

“तुम्हीच म्हणलाव, सांगू नको. आन् मागनं तुमच्या तोंडाकडं बघून धीरच झाला न्हाई.”

चार मिनिटं. माझ्याशी एवढं बोलायला मी बाईला कधी दिलंच न्हाई. ट्रक आला, ठेव, म्हणायचो.

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. अक्कानं काम्प्युटरवरच तो थांबवून ठिवला. मी खुर्ची ओढली.

म्हणलो, “पयल्यापासून सांग.”