आईने न घेतलेलं नाव

दादाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे वाचक पुढचं सोडून मोबाईलवर त्याचा अर्थ शोधायला लागतील, आणि सापडणार काहीच नाही. मी शोधून बसलोय. बारशासाठी नावांच्या ज्या याद्या निघतात, ज्यांतली नावं हल्ली सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात, त्यांत ते नाही. आमच्या मतदार यादीत ते एकदाच होतं, आता तेही खोडलं असेल. तीन अक्षरांचं, थोडं खडबडीत नाव. विरारच्या बँकेत एका कारकुनाने फॉर्म बघून दादाला विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले. आगाशीचा, असं दादाने सांगितलं. तरी तो विचारतच राहिला, तसं नाही, मूळचे कुठले. दादा म्हणाला, मूळचा आगाशीचाच आहे, तुम्ही कुठून आलात ते सांगा.

नाव आमच्या घरात कसं आलं, ते आजोबा सांगायचे. त्यांचे पणजोबा विड्याच्या पानांच्या करंड्या होडीत घालून वैतरणेच्या खाडीतून चालले होते. वाटेत होडी उलटली. पोहायला येत होतं, पण करंडीचा दोर पायात अडकला. मागून येणाऱ्या होडीतल्या एका माणसाने त्यांना केसाला धरून ओढलं आणि काठच्या चिखलात आणून टाकलं. शुद्धीवर आल्यावर पणजोबांनी त्याला तू कोण म्हणून विचारलं. त्याने नुसतं नाव सांगितलं; गाव नाही, जात नाही, बापाचं नाव नाही. ओहोटी लागली होती आणि त्याला घाई होती. मग आमच्या लोकांनी बंदरोबंदरी चौकशी केली, पण त्या नावाचा माणूस कोणाला ठाऊकच नव्हता. त्याच वर्षी घरात मुलगा झाला, त्याला ते नाव ठेवलं. पुढे एक पिढी सोडून थोरल्या नातवाला ते मिळत गेलं. तो मुलगा, मग आजोबा, मग दादा. तिघांनीच वापरलं ते.

आजोबा म्हणायचे, हे नाव आपलं नाही, घरी आलेलं पाहुणं आहे, त्याला नीट ठेवायचं. दादाचं मत वेगळं होतं. तो म्हणायचा, होडीवाला चोरटी दारू नेत असणार. तसला माणूस खरं नाव कशाला सांगेल? म्हणजे आपलं खानदान पाच पिढ्या खोट्या नावावर चाललंय.

खरं तर आजोबा जिवंत असताना त्यांचं नाव नातवाला ठेवायला नको होतं. आमच्यात तशी रीत नाही. पण दादा जन्मला तेव्हा आजोबा आजारी होते, आपण यातून उठत नाही असं त्यांनी धरलं होतं, आणि जाण्याआधी पाळण्यात ते नाव ऐकायचं होतं. हट्टाने ठेवायला लावलं. नंतर ठणठणीत बरे होऊन वीस वर्षं जगले. त्यांच्या त्या हट्टाचं पुढे काय होणार आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आई सासऱ्यांचं नाव घेत नसे. त्या काळी कुठलीच सून घेत नसे, त्यात नवल काही नाही. पण आमच्या आईच्या मुलाचंही तेच नाव होतं. तिने स्वतःच्या पोटच्या पोराला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी झाल्यावर मी त्याला दादा म्हणू लागलो आणि तिनेही तेच धरलं. त्याला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी मुलाचं नाव विचारलं. आई म्हणाली, त्यालाच विचारा. मास्तर हसले, दादाने नाव सांगितलं, आणि ही गोष्ट आमच्याकडे कितीतरी वर्षं गमतीने सांगितली गेली. मीही सांगायचो. ऑफिसात सांगायचो, सगळे हसायचे.

आजोबा गेल्यावर वडिलांनी तिला सांगितलं की आता घे नाव, आता कोण ऐकतंय. तर ती म्हणाली, "मानूस मेला म्हनून त्याचा मान मरते का?" विषय तिथे संपला.

मी नोकरीला लागलो, विरारला फ्लॅट घेतला. दादा आगाशीत वाडीवर राहिला. केळी, थोडा मोगरा, मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्याने लग्न केलं नाही. मला एक मुलगी. म्हणजे नाव दादाबरोबर संपणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. वडील गेल्यावर वाडीत ती दोघंच. रोज बाराच्या सुमाराला आई मागच्या दारात उभी राहून "दादा, जेवाला ये" म्हणून हाक मारायची. केळीतून कुठून तरी "ओ" यायची. साठीला टेकलेला माणूस, पण ओ लहानपणीचीच.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. पोटदुखीचं निदान व्हायला उशीर झाला, आणि झालं तेव्हा करण्यासारखं थोडंच उरलं होतं. शेवटचे तीन दिवस तो विरारच्या एका हॉस्पिटलात होता, दुसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे गेलेले, म्हणून मीच तिला आणत नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

मी शेजारच्या वहिनींना फोन केला. आईला रिक्षात बसवून द्या, म्हटलं, आणि सांगा की हॉस्पिटलात काउंटरवर पेशंटचं नाव सांगायचं, ते वर पाठवतील. जन्मभर बघत आलेली गोष्ट, गंमत म्हणून चारचौघांत सांगितलेली गोष्ट, आणि नेमकं त्या वेळी मला ती आठवली नाही. मी तिला नाव सांगायला सांगितलं.

दादा शुद्धीवर होता. आई आली का, त्याने विचारलं. निघाली आहे, मी म्हणालो. थोड्या वेळाने परत विचारलं. मी वहिनींना फोन केला; त्या म्हणाल्या, जाऊन तास होत आला. मला वाटलं रिक्षा पुलावर अडकली असेल, तिथे रोजच अडकतात. दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "घाई नको करू म्हणावं तिला. पडेल कुठेतरी." ते शेवटचं वाक्य. त्याचा हात माझ्या हातात होता, तो सोडून खाली बघून यावं असं मला वाटलं नाही. अजून वाटतं, जायला हवं होतं; दोन मजले तर होते.

सगळं झाल्यावर मी खाली उतरलो. आई काउंटरसमोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर पेजेचा डबा, वर दोन्ही हात. मला बघून उठली आणि म्हणाली, "बरा झाला आलास. चल, मला वर ने."

काउंटरवरची मुलगी नवीन होती. तिने मला नंतर रडत रडत सांगितलं, "अंकल, मी आजींना दोनदा नाव विचारलं. त्या फक्त दादा, दादा बोलत होत्या. मग दुसरं एक नाव सांगितलं, तर तो पेशंटच नाही आमच्याकडे." ते दुसरं नाव माझं होतं. आडनाव घालून बघितलं तर चार पेशंट निघाले. तेवढ्यात अपघाताची केस आली, आणि घरचं कोणी खाली येईपर्यंत बसा म्हणून तिने आईला सांगितलं. आईला बस म्हटलं की ती बसते. तासभर बसली. मुलगा दोन मजले वर तिची वाट बघत होता आणि ती खाली माझी वाट बघत होती. त्या पोरीचा राग मला आला नाही. माझा आला, आणि आजोबांचाही आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बारावं-तेरावं उरकलं. मीही वाडीवरच राहिलो होतो. चौदाव्या दिवशी बाराच्या सुमाराला तिने ताटं घेतली. दोन घेतली, हे मी मोजून पाहिलं; मला तिसऱ्याची भीती होती. मग ती मागच्या दाराकडे गेली. मी पाठोपाठ उठलो, पण तिच्यापर्यंत गेलो नाही.

दारात उभं राहून तिने पदर डोक्यावरून घेतला, आजोबा ओटीवर असताना घ्यायची तसा. चाळीसेक वर्षांपासून तिचा पदर खांद्यावरच असायचा. तो नीट केला, उजव्या हाताने कपाळाशी धरला, आणि केळीकडे बघून दादाचं नाव घेतलं. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा तिने मोठ्याने हाक मारली, अख्खं नाव, आणि पुढे "जेवाला ये." ती हाक बावखलापर्यंत गेली असेल. तिच्या तोंडून ते नाव कसं लागतं, ते मला माहीतच नव्हतं. दादालाही माहीत नव्हतं.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. सवयीने, ओ येईपर्यंत थांबायची तेवढी. मग वळली आणि मला म्हणाली, "तीन अक्षरं होती रे. तेवढी निघाली असती तं भेटला असता."

माझं चुकलं, मी म्हणालो. तिने पदर खाली घेतला आणि मला वाढायला बसली.