पडद्याबाहेरचे भावोजी

जगात कुणीही, कधीही, काहीही एकट्याने केलेलं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या ताईचा नवरा. भावोजी राहतात ठाकुर्लीला, ठाण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतात, आणि दुसऱ्याचं काम चाललेलं दिसलं की त्यांचे हात आपोआप पुढे होतात. ताई पोळी उलटत असेल तर हे शेजारून कड दाबणार. सोसायटीत कुणी स्कूटर स्टँडवर चढवत असेल तर हे मागून धरणार, आणि त्यामुळेच ती पडणार. माझ्या लग्नात हार घालताना त्यांनी माझी कोपरं खालून तोलून धरली होती. फोटोत मला चार हात दिसतात. विचारलं तर म्हणतात, "असू दे रे. आधाराला माणूस असावं." वॉर्डातही तेच. विद्यार्थ्याचा हात पेशंटच्या पोटावर, त्या हातावर भावोजींचा हात, आणि हलका दाब देऊन प्रश्न, "लागली का लिव्हरची कड बोटाला?" लागेपर्यंत ते हात काढत नाहीत.

अशा माणसाच्या फोनमध्ये कॉलेजने एक ॲप टाकलं. वॉर्डात काय काय शिकलो ते विद्यार्थ्याने त्यात नोंदवायचं आणि सरांनी त्यावर फोनवरूनच शिक्का द्यायचा: नुसतं पाहिलं, मदतीने केलं, की स्वतंत्रपणे केलं. मी वागळे इस्टेटमध्ये रबरी वॉशर विकतो. पण एकदा ताईचा फोन सायलेंटवरून काढून दिला होता, तेव्हापासून त्या घरात मी तंत्रज्ञ समजला जातो. त्यामुळे ॲपच्या तक्रारी माझ्याकडे.

"अरे, हे सारखं सांगतंय, मंजुऱ्या बाकी आहेत. मी उत्तर पाठवलं, निरोप मिळाला, दुपारी बघतो. तरी परत तेच. एवढी घाई कुणाला आहे?"

"कुणालाच नाही, भावोजी. ते आपोआप येतं."

"आपोआप कसं येईल? कुणीतरी पाठवत असेलच ना."

मी समजावायला गेलो आणि थोड्या वेळाने मलाही कळेना, की नक्की पाठवतं कोण.

खरा घोळ पुढेच होता. वर्ष सरत आलं तेव्हा कॉलेजच्या लक्षात आलं, की भावोजींच्या एकाही विद्यार्थ्याने काहीही स्वतंत्रपणे केलेलं नाही. सगळे 'मदतीने'वर येऊन थांबलेले. आधी वाटलं ॲप बिघडलं. मग भावोजींना विचारलं, तर तेच चक्रावले. मला म्हणाले, "स्वतंत्रपणे म्हणजे काय रे? सिस्टर ट्रे धरते, वॉर्डातले मामा पेशंटला कुशीवर घेतात, पेशंट बिचारा श्वास रोखून पडतो. मी तरी आजवर एकट्याने काय केलंय?" मला हे पटलं, आणि पटल्यामुळे मी आणखीच गोंधळलो.

रसिकाला मात्र पटून चालणार नव्हतं. ती त्यांची इंटर्न, कोलशेतच्या कोळी घरातली, घरातली पहिलीच डॉक्टर. पोटातलं पाणी काढण्याची तिची नोंद 'मदतीने'वर अडली होती. त्या आठवड्यात ती सुटली नाही तर इंटर्नशिपचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला मिळालेली जागा गेली. बाकीच्यांनी गुपचूप दुसऱ्या सरांकडे कामं करून शिक्के मिळवले. ही म्हणे, "शिकवलं या सरांनी. शिक्का दुसऱ्यांचा कसा घेऊ?"

त्या दिवशी मी वॉर्डात होतो. ॲपने पासवर्ड बदला म्हटल्यावर भावोजींनी फोनच बदलला होता, तो निस्तरायला गेलो होतो. पेशंट तयार होता. रसिका जवळ आली.

"सर, तुम्ही पडद्याबाहेर थांबाल का?"

"का गं?"

"तुम्ही आत असलात की तुमचा हात येतो, सर. मग मी खोटं नोंदवू का?"

मला वाटलं, आता चिडणार. पण ते नुसतेच बावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर आहेत ना आत? आणि काही वाटलं तर..."

"हाक मारीन. तुम्ही इथेच आहात ना?"

"इथेच," भावोजी म्हणाले आणि बाहेर आले.

आतून तिचा आवाज आला, "काका, जरा टोचेल हं. हलू नका." भावोजींचा उजवा हात पडद्याकडे गेला. तो त्यांनी डाव्या हाताने मनगटाशी पकडला. एवढा मोठा डॉक्टर स्वतःचाच हात धरून उभा होता, आणि मला हसू यायच्या ऐवजी गलबलून आलं. हाक काही आली नाही. बाटलीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

काम झाल्यावर ते आत जाऊन पेशंटला बघून आले. मग फोन काढला आणि मी दाखवलं तिथे दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला, खात्री आहे का?

"हे कुणाबद्दल विचारतायत?"

"नेहमीचंच असतं, भावोजी. हो म्हणा."

"हिच्याबद्दल असेल तर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी 'हो' दाबलं.

रसिका पाया पडली. "आईला फोन कर आधी," असं म्हणून त्यांनी तिला पिटाळलं. ती वॉर्डाच्या दारातून दिसेनाशी झाली तरी ते तिकडेच बघत होते.

"नागपूरला हिच्याजवळ असेल ना रे कुणीतरी?"

"असेल की," मी म्हणालो. मला त्यातलं काय कळतंय.